उष्टं मशिन

"बाबूराव, फडकं ओलं करून आणा. मशिन उष्टं झालंय."

सर असं म्हणाले तेव्हा काडी माझ्या तोंडातच होती. नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. भिंतीला लागून मशिनांच्या रांगा, प्रत्येक मशिनपुढं एखादा पोरगा नाहीतर पोरगी, आणि सगळ्यांचा मिळून एकच खडखडाट. सरांचा आवाज ऐकून तो खडखडाट थांबला. सगळी माझ्याकडं बघायला लागली.

माझा पहिला दिवस होता. तोंडात बांबूची काडी धरून मी एक एक बटण दाबत होते. 'घर' हा शब्द टाईप केला होता. घर. कागदावर तो उमटला. स्वच्छ, काळा, पुस्तकातल्यासारखा. माझ्या हातून, म्हणजे माझ्या तोंडून म्हणा, असं अक्षर कधी निघालंच नव्हतं. मी हरखून बघत राहिले. तेवढ्यात काडीवरून लाळ ओघळली आणि बटणांवर पडली. थेंबभर. ती सरांनी पाहिली.

"मशिन म्हणजे सरस्वती आहे," ते आबांना म्हणाले. माझ्याशी ते बोलतच नव्हते. "मुलं चपला बाहेर काढून आत येतात. आणि तुम्ही तिला उष्टं लावता?"

आबा म्हणजे माझे वडील. पहिली पाळी संपवून गिरणीतून थेट आले होते, अंगावर सुताची धूळ तशीच. बाबूराव, तिथले शिपाई, फडकं घेऊन आले आणि दोन हात लांब उभे राहिले. पुढं होईनात. शेवटी आबाच म्हणाले, "द्या हिकडं. आमचंच हाय, आमीच पुसतो की."

आणि आबांनी मशिन पुसलं. बटण न् बटण. वाकून. पुसून झाल्यावर मशिनला हात जोडले, मग सरांना हात जोडले. "पोरीचं चुकलं, सर. तिला कळत न्हाय."

मला कळत होतं. सगळं कळत होतं. पण तोंडात काडी होती आणि ती काढायला मला हात नाहीत. थुंकून टाकावी तर खालची फरशी उष्टी. म्हणून दातांत काडी धरून मी तशीच उभी राहिले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ना, तसं झालं. एक पोरगी तर मान वाकडी करून माझ्या तोंडाखाली बघत होती, अजून लाळ गळते का म्हणून.

हात नाहीत म्हणजे दिसायला आहेत. खांद्यापासून खाली लोंबतात, पोलक्याच्या बाहीत असतात, थंडीत गार पडतात. काम करत नाहीत. आमच्या गावी, केमला होतो तेव्हा, मी नुकती चालायला लागले होते, ताप आला. ताप गेला आणि जाताना दोन्ही हात घेऊन गेला. पोलिओ हे नाव घरात फार पुढं कळलं. तोवर कुणाची तरी दृष्ट, कुणाची तरी करणी, नाहीतर आईनं ग्रहणात काहीतरी चिरलं असणार, हेच चाललं होतं. आई बिचारी ग्रहण आठवून आठवून दमली. पुढं आबा सोलापूरच्या गिरणीत माग खात्यात लागले आणि आम्ही शुक्रवार पेठेत एका खोलीत राहायला आलो.

पहिलीत मी पायानं लिहायचे. कुणी शिकवलं नव्हतं. पाटी खाली ठेवली, पायाच्या बोटांत पेन्सिल धरली आणि 'ग' काढला. चांगला आला होता. बाईंनी पाहिलं आणि पट्टी घेऊन धावत आल्या.

"पाटीला पाय लावतेस? विद्या आहे ती, विद्या! पाप लागेल!"

पट्टी पायावर बसली. मग म्हणाल्या, "नमस्कार कर पाटीला." आपला पाय चुकून पुस्तकाला लागला तर आपण काय करतो? हातानं पुस्तक शिवतो आणि हात डोळ्यांना लावतो. ते मला कसं जमायचं? मी गुडघ्यावर बसले आणि कपाळ पाटीला टेकवलं. कपाळाला पेन्सिलीचा पांढरा डाग लागला आणि अख्खा वर्ग हसला. घरी आई म्हणाली, "बाई बरूबर म्हंत्यात. पाय नगं लावू बाय." त्या बाईंचा मला आजही राग येतो. त्यांना पाटीची काळजी होती. पाटीपुढं बसलेल्या पोरीची नव्हती.

मग मी पेन्सिल तोंडात धरली. अक्षर यायचं, पण बोराएवढं, आणि कागद ओला व्हायचा. इतरांच्या पुरवण्या बांधून व्हायच्या तेव्हा माझा दुसरा प्रश्न चालू असायचा. म्हणून शाळेनं लेखनिक दिला. लेखनिक खालच्या वर्गातला पाहिजे असा नियम. आमच्या आळीतली एक सातवीतली मुलगी माझ्याशेजारी बसायची आणि मी सांगेन ते लिहायची.

नववीत मी वर्गात पहिली आले. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. तिला. तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय सुंदर पेपर लिहिलास!" मी शेजारीच उभी होते. इतिहास मी पाठ केला होता, कवितेचा अर्थ मी लावला होता, भूमितीचं प्रमेय माझ्या डोक्यातून निघालं होतं. सातवीतल्या पोरीला नववीची भूमिती कुठून येणार, एवढंही कुणाच्या मनात आलं नाही. अक्षर तिचं, म्हणून पेपर तिचा. पुढं गणिताच्या बाई हसत हसत म्हणाल्या, "हिचं डोकं किती आणि तिचं किती, देव जाणे."

ते ऐकलं आणि मनाशी पक्कं केलं. त्या काळी मॅट्रिक अकरावीला असायची. मॅट्रिकचा पेपर मी माझ्या अक्षरात लिहिणार. पास झाले तर मी, नापास झाले तर मी. मधे कुणी नको.

मशिन मला कोर्टाबाहेर सापडलं. केमच्या जमिनीच्या वाटणीचा अर्ज द्यायचा होता, आबांनी मला बरोबर नेलं होतं. लिंबाखाली एक म्हातारा टेबल टाकून बसला होता आणि दोन्ही हातांच्या एकेका बोटानं मशिनवर टोचत होता. टक. टक. टक. बाकीची बोटं नुसती बसून. मी त्याच्याकडं बघतच राहिले. टोचायचंच तर आहे! टोचायला हात कशाला लागतो? घरी येईपर्यंत मी आबांचं डोकं खाल्लं.

आबांनी बांबूची काडी तासली. एका टोकाला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बसवली, बटणावरून घसरू नये म्हणून. दुसऱ्या टोकाला, दातांत धरायच्या जागी, सुती पट्टी गुंडाळून ती मेणात बुडवली. पहिली काडी मोडली. दुसरीनं हिरडी फाटली. त्यानंतरची इतकी लांब झाली की मान मागं न्यावी लागायची. मग एकदाची जमली. आई ती रोज धुऊन दोरीवर वाळत घालायची, माझ्या पोलक्याशेजारी.

आता म्हणे अशा मुलांसाठी कॉम्प्युटर आलेत. डोकं हललं की अक्षर उमटतं, फुंकर मारली तरी चालतं. शिफ्टचं बटण एकदा दाबलं की ते आपलं आपण दाबलेलं राहतं, सावकाश दुसरं दाबा. त्याला मोठमोठी इंग्रजी नावं आहेत. चांगलं आहे. मला कौतुक वाटतं, आणि खरं सांगायचं तर जळफळाटही होतो. माझ्याकडं एक काडी होती, दात होते आणि मान होती.

तर, मशिन पुसून झाल्यावर सरांनी अटी घातल्या. मी आत बसायचं नाही. बाहेर पॅसेजमध्ये, चपलांच्या शेजारी, एक जुनं मशिन पडून होतं. त्यावर मी बसायचं. त्या मशिनला दुसरं कुणी शिवायचं नाही आणि मी दुसऱ्या मशिनला शिवायचं नाही. फी मात्र सगळ्यांएवढीच. आबांनी लगेच मान डोलावली. "लई उपकार झाले, सर." जिन्यावरून उतरताना मला म्हणाले, "बघ, किती देवमाणूस हाय."

शिकवायला सर कधी बाहेर आले नाहीत. त्यांची सगळी विद्या दहा बोटांची. आत पोरांच्या बोटांवर पुठ्ठा धरून, बटणांकडं न बघता टाईप करायला लावायचे. मला म्हणाले, "तुला काय शिकवणार? बोटंच नाहीत." मी दारातून आतल्या भिंतीवरचा बटणांचा तक्ता बघून शिकले. कुणी दारात उभं राहिलं की तक्ता दिसायचा नाही. मग ते हलेपर्यंत थांबायचं. 'जरा सरका' म्हणायची सोय नव्हती, कारण तोंडात काडी.

शिफ्टनं जीव खाल्ला. एका हातानं शिफ्ट दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं अक्षर मारायचं, अशी सगळ्यांची रीत. माझ्याकडं काडी एकच. मग मी आधी शिफ्टचा खटका अडकवायचे, अक्षर मारायचे, परत खटका सोडायचे. ओळ संपत आली की घंटी वाजायची. मग मान वर करून कागद धरलेली कॅरेज हनुवटीनं परत ढकलायची. मशिन जुनं, कॅरेज जड. संध्याकाळी मान वळायची नाही, दात ठणकायचे, भाकरी चावता यायची नाही. आई दुधात कुस्करून भरवायची आणि भरवताना पुटपुटायची, "कशापायी एवढा जीव काढती गं?"

पण माझी पानं भरत होती. भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र. सगळी उत्तरं माझी आणि अक्षरंही माझी. बाबूराव संपलेला कागद काढायचे, नवा घालायचे. मशिनला न शिवता, कागदाच्या दोन कडा चिमटीत धरून. मला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. मला इतका आनंद असायचा की चपलांचा वाससुद्धा येईनासा व्हायचा.

ती पानं आबांनी हेडमास्तरांना नेऊन दाखवली. मला मॅट्रिकचा पेपर टाईप करून द्यायची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी वरच्या ऑफिसला लिहिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. मुलगी स्वतः टाईप करत असेल तर हरकत नाही. मात्र मशिन तिनं आणायचं, आणि ती स्वतःच टाईप करते असं इन्स्टिट्यूटनं लेखी द्यायचं. म्हणजे दोन्ही गोष्टी सरांच्या मुठीत. गिरणीच्या पगारात मशिन विकत घ्यावं असा विचार आमच्या घरात कुणाला शिवलासुद्धा नाही.

आबा सरांकडं गेले. सर म्हणाले, "बघू. दसरा होऊ दे."

खंडेनवमीला इन्स्टिट्यूटमधली सगळी मशिनं रॉकेलनं धुतली. धुण्याआधी सगळ्यांच्या शाईच्या रिबनी काढून ठेवल्या. मग मशिनं मांडली. हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, प्रत्येकापुढं पानसुपारी आणि पेढा. मी पॅसेजमध्ये उभी होते. माझंही मशिन धुतलं होतं, पण त्याच्यापुढं कुणी आलं नाही. मी बाबूरावांना विचारलं, "ह्याची पूजा?"

"त्याची कशी करायची बाय? ते उष्टं हाय न्हवं."

ते दुष्टपणानं बोलले नाहीत. आज पाऊस नाही म्हणावं तसं सहज बोलले. मला ते फार लागलं.

घरी आले तर आईनं देवापुढं आबांचे माग दुरुस्तीचे पाने मांडले होते, तेलाची कुपी, विळा, तिची कात्री. शेवटी माझी काडी. धुऊन, पुसून, वर कुंकवाचं बोट. मी म्हटलं, "आये, ती उष्टी हाय."

"मग काय झालं? तुज्या तोंडातलीच हाय की," आई म्हणाली आणि काडीवर फूल ठेवलं. मला रडू आलं. डोळे पुसायलाही तीच आली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी इन्स्टिट्यूटचा समारंभ होता. सरांनी आबांना बोलावून सांगितलं, "मोठे पाहुणे यायचेत. मुलीनं स्टेजवर टाईप करून दाखवायचं. एवढं केलं की परीक्षेला मशिन देतो. पत्रही देतो." आबांना आनंदानं घास गिळेना. आईनं शेजारच्या काकूंची साडी आणून मला नेसवली, अबोली माळली आणि पदर असा घेतला की दोन्ही हात झाकले जावेत. म्हणाली, "चारचौघात बरं दिसतंय."

माझाही एक बेत होता. सरांनी 'श्री गणेशाय नमः' टाईप करायला सांगितलं होतं. मी दुसरंच टाईप करणार होते. 'मॅट्रिकच्या परीक्षेला सर मला हे मशिन देणार आहेत.' पाहुणे ते मोठ्यानं वाचतील, सगळे ऐकतील, मग सरांना शब्द फिरवता येणार नाही. रात्रभर मी ते वाक्य मनात टाईप केलं. शिफ्ट कुठं लागेल, खटका कधी सोडायचा. केवढी हुशार मी, असं मला वाटत होतं.

पाहुणे पेठेतले मोठे व्यापारी. पांढरंशुभ्र धोतर, बोटांत अंगठ्या. समोर सतरंज्यांवर पोरं आणि त्यांचे आईबाप, एका बाजूला बायका. स्टेजवर टेबल, टेबलावर माझं पॅसेजमधलं मशिन. आज त्याला झेंडूची माळ घातली होती. पाहुण्यांपुरतं तेही सरस्वती झालं होतं.

सर माईकवर बोलायला लागले. "देवानं हिचे हात हिरावून घेतले, पण या संस्थेनं हिला पंख दिले." कसले पंख? चपलांशेजारी बसवलं होतं मला. सरांनी बायकोला खूण केली. त्यांनी पुढं होऊन माझा पदर बाजूला सारला. "दिसू देत सगळ्यांना," सर हळूच म्हणाले. लोंबणारे हात सगळ्यांना दिसले. बायकांत चुकचुक झाली. आबा पार शेवटी भिंतीला टेकून उभे होते, टोपी हातात धरून.

सरांच्या बायकोनं काडी माझ्या तोंडात दिली. मी सुरू केलं. मान खाली घातली की मला फक्त बटणं दिसतात, कागद दिसत नाही. घंटी वाजेपर्यंत मी डोकं वर केलं नाही. घंटी वाजली तशा टाळ्या पडल्या. हनुवटीनं कॅरेज ढकलली, पुन्हा टाळ्या, आणि मागं कुणीतरी फिसकन हसलं. तेव्हा मला कागद दिसला.

कागद कोरा होता.

नीट पाहिलं. अक्षरांचे नुसते वण होते. शाई नव्हती. खंडेनवमीला काढलेली रिबन या मशिनवर कुणी परत बसवलीच नव्हती. मी सरांकडं पाहिलं. तोंडात काडी, बोलता येईना. त्यांच्या लक्षात आलं. वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "चालू ठेव. लांबून काही कळत नाही."

आणि मी चालू ठेवलं. काय करणार होते? मशिन त्यांचं होतं. पत्र त्यांच्या हातात होतं. मागं आबा उभे होते. न उमटणारं वाक्य मी कोऱ्या कागदावर शेवटपर्यंत टोचलं. शिफ्टचा खटका अडकवला, सोडला. पूर्णविरामसुद्धा दिला. त्यासाठी रात्र जागून काढली होती, आणि आता ते वाक्य जगात कुठंच नव्हतं. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पाहुण्यांनी कागद ओढून काढला. हातात धरला. त्याकडं पाहिलं. मी बघत होते, त्यांनी अगदी डोळे भरून पाहिलं. आणि माईकवर म्हणाले, "वा! मोत्यासारखं अक्षर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी काडी टेबलावर टाकली. लाळेनं चिंब झाली होती. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "पुन्हा एकदा होऊ द्या. मघाचा नीट आला नाही."

सरांनी काडी उचलली. तशीच ओली. आपल्या हातानं. माझ्या ओठांना लावली. "तोंड उघड."

मी तोंड मिटलं.

"उघड ना. पाहुणे थांबलेत."

काडी ओठांवर आपटली, ओठांतून आत घुसली, दातांवर आपटली. मी दात आवळले. मला आयुष्यात तेवढंच आवळता येतं. सरांच्या बोटांवरून माझी लाळ ओघळत होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. ते फोटोवाल्याकडं बघून हसत होते. शेवटी त्यांनी काडी बाजूला घेतली. माईक जवळच होता. शाळेतली भाषा कुठं गेली कुणास ठाऊक, तोंडाला घरचीच आली.

"कागद कोरा हाय. मी काय लिवलंय ते वाचा बघू."

पाहुण्यांनी पुन्हा कागदाकडं पाहिलं. उलटापालटा केला. मग हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं, वाचायचं काय त्यात? तुझी जिद्द दिसली. आम्ही भरून पावलो."

लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. आबाही वाजवत होते.

तेव्हा मला स्वच्छ कळलं. मी काय लिहिते ते वाचायला इथं कुणी आलंच नव्हतं. बाईंनी माझा पाय पाहिला होता, सरांनी लाळ पाहिली होती, यांना लोंबते हात पाहायचे होते. रिबन असती तरी काही फरक पडला नसता. मी वेदाचं पान टाईप केलं असतं काय आणि शिव्या टाईप केल्या असत्या काय, अक्षर मोत्यासारखंच ठरलं असतं. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

पॅसेजमध्ये सर आबांना म्हणाले, "माझी अब्रू घेतली हिनं. येऊन माफी मागायची. आणि इथून पुढं दर समारंभाला येऊन दाखवायचं, मुकाट्यानं. तरच मशिन."

"मागंल की, सर. पोर हाय ती." आबा वाकले, सरांच्या पायाला हात लावला.

घरी आल्यावर आबा माझ्यापुढं बसले.

"माफी माग बाय. तोंडानं नुसतं म्हणायचं. काय जातंय आपलं?"

"मला तोंडच हाय, आबा. तेवढंच हाय."

आबांनी आईकडं पाहिलं. आई चुलीकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी आबा एकटेच गेले आणि माझ्या वतीनं माफी मागून आले. सर म्हणाले, तिलाच पाठवा. आबांनी मला पुन्हा विचारलं नाही. नंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना ताटाकडं बघायचे, पाळीला निघून जायचे. माझ्यासाठी त्यांनी मान वाकवली आणि ती मी फुकट घालवली, असं त्यांना वाटत असणार. मला त्यांचा राग यायचा. आणि पाठमोरे दिसले की हाक मारावीशी वाटायची.

दिवाळी झाल्यावर बाबूराव बाजारात भेटले. म्हणाले, जुनं मशिन सरांनी भंगारात घातलं. "कोण बसतंय त्याच्यावर? उष्टं ते." मला द्यायच्या ऐवजी भंगारात. त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आई काडी घेऊन आली, "धरतीस का तोंडात, सराव राहील," म्हणाली. कशावर सराव करायचा? मी मान वळवली नाही.

मग मॅट्रिकचे फॉर्म भरायची वेळ आली. हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं. तिथं दोन शिक्षक पेपर तपासत बसले होते.

"लेखनिक घे आणि बस," हेडमास्तर म्हणाले. "कशाला वर्ष घालवतेस?"

"लेखनिक नको, गुरुजी."

"मग बसणार कशी?"

"यंदा नाही बसत."

त्यांनी सुस्कारा सोडला, रजिस्टर ओढलं. "ठीक आहे. कारण लिहावं लागतं. प्रकृती बरी नसल्यामुळे, असं लिहितो."

"माझी प्रकृती बरी आहे."

"अगं, तसं लिहायची पद्धत असते."

"मशिन दिलं नाही म्हणून बसली नाही, असं लिहा."

"असलं काही रजिस्टरला लिहीत नाहीत. जा तू."

मी गेले नाही. टेबलापुढं उभी राहिले. उभं राहायला मला कुणाची मदत लागत नाही. ते काहीतरी सह्या करत बसले. घंटा झाली. ते तासाला गेले, तास घेऊन परत आले, मी तिथंच. "घरी जा," म्हणाले. मी हलले नाही. मला भीती वाटत होती. शिपायाला सांगून बाहेर काढतील, आबांना बोलावतील, आबा पुन्हा कुणाच्या तरी पाया पडतील. तरी उभी राहिले. शिक्षकांनी पेपर तपासायचे थांबवले होते.

शेवटी हेडमास्तरांनी टोपण काढलं आणि चिडून काहीतरी लिहिलं.

"झालं समाधान? जा आता."

"वाचून दाखवा, गुरुजी."

"काय?"

"काय लिहिलंत ते. मोठ्यानं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं नाही. मग त्यांनी रजिस्टर जवळ घेतलं आणि वाचलं, "उत्तरे लिहिण्यासाठी यंत्र न मिळाल्यामुळे विद्यार्थिनी परीक्षेस बसली नाही."

दोघा शिक्षकांनी ऐकलं. शिपायानं ऐकलं. मी बाहेर पडले.

वर्ष गेलं होतं. पुढच्या वर्षी मशिन मिळेल अशी कुणी हमी दिली नव्हती, मिळण्याचं काही चिन्हही नव्हतं. पण शाळेच्या फाटकातून बाहेर पडायच्या आत मी ठरवलं. मशिन मिळेपर्यंत दर वर्षी फॉर्मच्या वेळी त्या टेबलापुढं येऊन उभं राहायचं. दर वर्षी तेच लिहायला लावायचं. आणि त्यांच्याच तोंडून मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. हेडमास्तर बदलले तरी. माझं परीक्षेचं वय उलटून गेलं तरी.